एडीएचडीच्या गोळीचं घड्याळ: लहान मुलांच्या आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

लेकाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही आणि अंगात चंचलपणा फार. तो आता नऊ वर्षांचा आहे, गोळी साडेसहाव्या वर्षी सुरू झाली. तेव्हापासून शाळेच्या गेटवर, थेरपी सेंटरच्या बाकड्यावर आणि रात्री साडेदहाला फोनवर लोकं मला तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. कुणाच्या मुलाला डोस किती हे मी सांगत नाही, विचारूही नका. पण गोळी घरात कशी सांभाळायची हे डॉक्टरांकडच्या पंधरा मिनिटांत मावत नाही, आणि बाहेर पडलो की नेमकं तेच विचारायचं राहिलेलं असतं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण खालचे अर्धे प्रश्न त्याच्यावरच येऊन थांबतात. प्रत्येक गोळीचं एक घड्याळ असतं, कधी चढते, किती वेळ राहते, कधी उतरते. ते घड्याळ कळलं नाही तोवर आम्ही मुलालाच दोष देत होतो.

मुलगा साडेचार वर्षांचा आहे, शाळेतून सांगितलंय गोळी सुरू करा. करू का?

शाळेने निरीक्षण सांगावं, निदान करू नये. निदान बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियन (मुलांच्या विकासाचे डॉक्टर) करणार, आणि तेही घरचं आणि शाळेचं असं दोन्हीकडचं ऐकून, फॉर्म भरून घेऊन. आधी कान तपासा, डोळे तपासा, रात्री घोरतो का ते बघा, कारण नीट झोप न झालेलं मूलसुद्धा दिवसभर असंच उड्या मारतं.

आणि वय. या गोळ्यांना मान्यता साधारण सहा वर्षांपासून पुढे आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात सहाच्या आतल्या मुलांसाठी पहिला उपचार म्हणजे आईबापांचं ट्रेनिंग, गोळी नाही. ब्रिटनमध्ये तर पाचच्या आत गोळी द्यायची झाली तर यातल्या दुसऱ्या तज्ज्ञाचंही मत घ्या म्हणतात. ट्रेनिंग म्हटल्यावर आम्हाला आधी अपमान वाटला होता, आम्ही काय वाईट आईबाप आहोत का वगैरे. पण ते तसं नसतं. ‘ऊठ, दात घास, दप्तर भर, बूट घाल, चल लवकर’ असं स्वयंपाकघरातून ओरडण्याऐवजी जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि एकच शब्द बोलायचा, ‘बूट’. घातले की लगेच शाबासकी, मग पुढचं. ऐकायला फालतू वाटतं, पण आमच्या सकाळी यानेच बदलल्या, आणि गोळी सुरू झाल्यावरही हे सुटलं नाही कारण सकाळी सातला गोळी चढलेलीच नसते.

गोळ्या नक्की कोणकोणत्या असतात?

आपल्याकडे मुख्य दोन. पहिली मिथाइलफेनिडेट, ऍडवाइझ किंवा इन्स्पिरल या नावांनी मिळते. ही स्टिम्युलंट, म्हणजे मेंदूला चालना देणारी. साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात चढते आणि तीन-चार तासांत उतरते, म्हणून बऱ्याच मुलांना सकाळी आणि दुपारी अशी दोनदा लागते. लांब चालणारी गोळी साधारण शाळा संपेपर्यंत पुरते. डोस अगदी कमीपासून, बहुतेक वेळा पाच मिलीग्रॅमपासून, सुरू करून आठवड्या-आठवड्याने वाढवतात. म्हणून पहिल्या आठवड्यात ‘काहीच फरक नाही’ म्हणून रडू नका, तो डोस चाचपणीचाच असतो.

दुसरी ऍटोमॉक्सेटिन. ही स्टिम्युलंट नाही, हिचा डोस मुलाच्या वजनावर ठरतो आणि हिचं घड्याळ तासांचं नाही, आठवड्यांचं. चार ते सहा आठवडे तरी थांबावं लागतं, कधी जास्त. ती रोज द्यायची, सुट्टी नाही. कॅप्सूल उघडायची नाही, आतली पूड डोळ्यात गेली तर चुरचुरते.

तिसरी क्लोनिडिन, ही मुळात ब्लडप्रेशरची गोळी. काही मुलांना झोपेसाठी किंवा टिक्स, म्हणजे आपोआप होणारे झटके, असतील तर देतात. ही आपल्या मनाने एकदम बंद करू नका, प्रेशर उसळी मारतं.

अमेरिकेतल्या भावंडांकडून ज्या ऍडरॉल या दुसऱ्या स्टिम्युलंटचं नाव ऐकता ते आपल्याकडे दुकानात मिळत नाही, शोधू नका आणि कुणाकडून मागवूही नका.

सुरू करायच्या आधी काय तपासतात?

उंची, वजन, नाडी, ब्लडप्रेशर. आणि घराण्यात कुणी तरुणपणी अचानक हृदयाने गेलंय का, मुलाला खेळताना चक्कर येते का, हे विचारतात. तसं काही असेल तर ईसीजी. डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्हीच सांगा. माहेरचं-सासरचं दोन्हीकडचं सांगा, इथे लाज धरायची नाही.

पहिल्या महिन्यात घरी काय बघायचं?

वही करा. मोबाइलमध्ये नको, दोनशे पानी साधी वही, फ्रिजवर. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

मंगळवार. गोळी 7.20. नाश्ता दीड थालीपीठ, लोणी. डबा अर्धी पोळी, भाजी तशीच. बाईंचा निरोप, गणित पूर्ण. 3.45 दप्तर फेकलं, बहिणीला चिमटा. 6 नंतर ठीक. जेवण 8.30 दोनदा वाढून घेतलं. झोप 10.50.

असली तीन आठवड्यांची पानं डॉक्टरांनी चाळली आणि म्हणाले याला गोळी लागू पडतेय, फक्त लवकर उतरतेय. आम्ही तोंडी सांगितलं असतं तर म्हणालो असतो ‘गोळीने चिडचिडा झालाय’, आणि गोळी बंद झाली असती. एका वाक्यात केवढा फरक. दर महिन्याला त्याच काट्यावर वजन घ्या आणि तेही त्याच वहीत लिहा. बाईंकडूनही आठवड्यातून एक ओळ मागा, कारण गोळी चढलेली असते तेव्हा मूल त्यांच्यापुढे असतं, आपल्याकडे येतं ते उतरल्यावर.

गोळी घरात कुणी द्यायची?

कुणीतरी एकानेच. हे आम्ही चुकून शिकलो. एका गुरुवारी मी सकाळी गोळी दिली आणि पाणी आलं म्हणून मोटर लावायला खाली गेले, तेवढ्यात ह्यांनी ‘अगं राहिली वाटतं’ म्हणून दुसरी दिली. पोराने काही न बोलता गिळली, त्याला काय, बाबांनी दिली. शाळेच्या रिक्षात बसल्यावर मला कळलं. परत बोलावलं, डॉक्टरांना फोन केला, त्यांनी किती मिलीग्रॅम, किती वाजता सगळं विचारलं आणि घरीच ठेवून नाडी बघायला सांगितलं. दिवसभर तळहात घामेजलेले, जेवला नाही, रात्री एकपर्यंत टक्क जागा. निभावलं. पण डोस मोठा असता तर थेट हॉस्पिटलच.

त्यानंतर मेडिकलमध्ये मिळते ती सात कप्प्यांची डबी आणली, वारांची नावं मराठीत चिकटवली. रविवारी रात्री भरायची. कप्पा रिकामा म्हणजे दिली, भरलेला म्हणजे राहिली, चर्चा नाही. आजीआजोबा असतील तर त्यांनाही हेच, प्रेमापोटी दुप्पट होतं.

डबी कुलपात. केमिस्टलासुद्धा कायद्याने ही गोळी कुलपात ठेवावी लागते मग आपण फ्रिजवर कशी ठेवायची? घरात धाकटं भावंड असेल तर फारच जपा, आणि कॉलेजातला भाचा-पुतण्या असेल तरीही, परीक्षेत जागायला म्हणून ही गोळी मागणारी मुलं असतात. पट्टीवरच्या गोळ्या मोजून ठेवा.

गिळतच नाही, काय करू?

आधी डॉक्टरांना विचारा ती गोळी फोडायची आहे का. साधी गोळी बहुतेक वेळा तोडून देता येते, लांब चालणारी कुटून दिली तर आठ तासांचं औषध एकदम पोटात उतरतं. दुधात, श्रीखंडात चुरून द्यायची युक्ती इथे नाही.

गिळायची प्रॅक्टिस आम्ही रंगीत बडीशेपेवर केली. औषधाच्या वेळी अजिबात नाही, रविवारी दुपारी खेळ म्हणून. सरळ बसवायचं, जिभेवर एक दाणा, पाण्याचा मोठा घोट, हनुवटी थोडी खाली. मग साखरफुटाण्यातला बारीक. चौथ्या रविवारी गोळी गेली. समोर बसून करा, हसवू नका, ठसका लागतो.

डबा जसाच्या तसा परत येतो

येणारच. मिथाइलफेनिडेट भूक मारते आणि नेमकी दुपारच्या सुट्टीत. डब्यावरून भांडण करण्यात माझं एक वर्ष गेलं. नंतर घड्याळाप्रमाणे जेवण हलवलं. गोळीच्या आधी पोटभर नाश्ता, म्हणजे खरंच पोटभर, तूप घालून उपमा, अंडं, थालीपीठ, शेंगदाण्याचा लाडू, दूध. डब्यात थोडंच, दोन घासांत संपेल असं. आणि रात्री साडेआठला भूक राक्षसासारखी उघडते तेव्हा ‘आत्ता काय खातोस’ म्हणायचं नाही, वाढायचं. झोपताना केळं-दूध. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, त्यांच्या मते दुपारी न जेवलेलं मूल म्हणजे उपाशी मूल. त्यांना वहीतले वजनाचे आकडे दाखवले तेव्हा पटलं.

वजन दोन-तीन महिने वाढतच नसेल किंवा उतरत असेल तर मात्र वाट बघू नका, डॉक्टरांना सांगा.

उंची खुंटते म्हणतात, खरं का?

पहिली एक-दोन वर्षं उंची वाढायचा वेग किंचित कमी होऊ शकतो, हे अभ्यासांत दिसलंय आणि लपवण्यासारखं काही नाही. फरक सेंटिमीटरांत मोजायचा असतो, फुटांत नाही. दर सहा महिन्यांनी उंची मोजून ग्रोथ चार्टवर ठिपका मारून घ्या. आमचा ठिपका रेषेवरून जरा खाली आला, मग थांबला.

शाळेत शहाणा, घरी चार वाजता रणांगण. असं का?

गोळी उतरतेय. उतरताना काही मुलं आधीपेक्षा जास्त चिडतात, रडतात, तासभर. याला डॉक्टर रिबाउंड म्हणतात. आमच्याकडे दप्तर दारातूनच उडायचं. त्या तासात काही म्हणजे काही मागायचं नाही, होमवर्क नाही, ‘आज काय शिकवलं’ नाही, पाहुणे नाहीत. खायला द्यायचं आणि खाली पाठवायचं. रोजच होत असेल तर वेळ लिहून डॉक्टरांकडे न्या, ते डोसची वेळ किंवा गोळीचा प्रकार बदलतात. आणि प्रामाणिकपणे सांगते, दिवसभर वर्गात स्वतःला धरून ठेवल्यावर मीही घरी येऊन पर्स फेकली असती.

झोप लागत नाही

दुपारची गोळी उशिरा जातेय का ते आधी बघा. साध्या गोळीचा शेवटचा डोस चारनंतर आमच्याकडे बंद आहे. मग मोबाइल. मग पुन्हा गोळी. या क्रमाने तपासा, आणि हेही आठवा की यातल्या बऱ्याच मुलांना गोळीच्या आधीपासूनच झोपेचा त्रास असतो.

एक डोस चुकला तर?

दुसऱ्या वेळी दोन द्यायच्या नाहीत, कधीच. सकाळची साधी गोळी दहाला आठवली तर चालू शकतं, संध्याकाळी आठवली तर सोडून द्या. लांब चालणारी सकाळी राहिली तर दुपारनंतर देऊ नका, रात्र जाते.

मेडिकलवाला ‘नाही मिळणार’ म्हणतो आणि असं बघतो की आपण चोर

मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे सरकारच्या कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत आहे, शिवाय 1985 च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालीही येते. त्यासाठी दुकानाला वेगळं लायसन्स लागतं, रजिस्टर ठेवावं लागतं, म्हणून गल्लीतला केमिस्ट ती ठेवतच नाही. प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत लागतं, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो, त्याला ती दोन वर्षं जपावी लागते. तो वाईट नाही, त्याचं ऑडिट असतं. आम्ही सुरुवातीला एका शनिवारी संध्याकाळी सात दुकानं फिरलो, एकाने तर काउंटरवर सगळ्यांसमोर विचारलं, ‘ही कुणाला, पोराला देता?’ आता काय करतो ते सांगते. डॉक्टरांनाच विचारायचं कुठे मिळते, मोठ्या हॉस्पिटलच्या आतलं मेडिकल किंवा त्याच्या समोरचं बहुतेक वेळा ठेवतं. त्या एकाच दुकानाचा नंबर घ्यायचा. दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की फोन, शेवटच्या दोन गोळ्या उरल्यावर नाही. प्रिस्क्रिप्शनवर मुलाचं पूर्ण नाव, वय, मिलीग्रॅम, साधी की लांब चालणारी, किती दिवसांच्या, तारीख, सही हे सगळं दवाखान्यातून निघायच्या आधी वाचा. एक तारीख राहिली म्हणून मी परत चाळीस किलोमीटर गेलेय.

एका कंपनीची नसली म्हणून दुसरी देत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, साधी आणि लांब चालणारी यांची अदलाबदल तिथेच होते.

डॉक्टर शहरात, आम्ही तालुक्याला. व्हिडिओ कॉलवर लिहून मिळेल?

मिथाइलफेनिडेट नाही मिळणार. 2020 च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत शेड्यूल एक्सची औषधं ऑनलाइन लिहून द्यायला मनाई आहे. बोलणं, वही दाखवणं, सल्ला हे सगळं कॉलवर होतं, प्रिस्क्रिप्शनसाठी जावं लागतं. म्हणून फेरी वाया घालवू नका, वजन-उंची-बीपी त्याच दिवशी करून घ्या. जिल्हा रुग्णालयात जिथे डीईआयसी म्हणजे लवकर निदानाचं केंद्र आहे तिथे तपासणी आणि थेरपी होते, आधी तिथे विचारा. आणि तुमचाच तोल जात असेल, जातो, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

दिवाळीत गावाला, किंवा परदेशी जाताना?

मोजून गोळ्या आणि वर चार, मूळ पट्टीत, प्रिस्क्रिप्शनसकट, हॅण्डबॅगेत. दुबईला किंवा इतर आखाती देशांत जाणार असाल तर ही गोळी नेण्यासाठी आधी परवानगी लागते का ते तिकीट काढतानाच बघा. तिकडून सुट्टीला येणाऱ्यांनी पूर्ण मुक्कामाच्या आणा, ‘भारतात सगळं मिळतं’ हे इथे खरं नाही.

शनिवार-रविवार, मे महिन्याच्या सुट्टीत बंद ठेवली तर?

मिथाइलफेनिडेट काही डॉक्टर सुट्टीत थांबवतात, भूक आणि वजन भरून निघावं म्हणून. पण मूल रस्त्यावर धावतं, सायकल बेफाम चालवतं, मामेभावंडांत रोज मारामारी होते, तर सुट्टीतच जास्त गरज. ठरवायचं डॉक्टरांबरोबर. ऍटोमॉक्सेटिन आणि क्लोनिडिनला मात्र हा हिशेब लावू नका.

व्यसन लागेल का? आई म्हणते पोराला नशा देताय

डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसात, तोंडाने, आईबापांच्या हातून दिल्यावर लहान मुलांना याची चटक लागत नाही. पुढे मोठेपणी व्यसनाचा धोका गोळीमुळे वाढतो असंही अभ्यासांत दिसलेलं नाही. आमचा तर रोज विसरतो, नशा असती तर मागितली असती ना. आजीला दवाखान्यात एकदा बरोबर न्या, तुमच्या दहा वाक्यांपेक्षा डॉक्टरांचं एक चालतं.

ब्राह्मी, शंखपुष्पी, सुवर्णप्राशन? आणि साखर बंद करू का?

आम्ही पुष्य नक्षत्राला रांगेत उभं राहून थेंब पाजलेत, त्यामुळे कुणाला हसणार नाही. पण एडीएचडीला गोळीइतका खात्रीचा पुरावा त्यांच्यामागे नाही. देत असाल तर डॉक्टरांना सांगा. भस्म असलेली आणि लेबल नसलेली पुडी अजिबात नको, अशा काही औषधांत शिसं सापडलेलं आहे आणि शिसं मेंदूलाच घातक. साखरेने मूल चंचल होतं हे बऱ्याच चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही. दातांसाठी कमी करा खुशाल.

सर्दी-खोकल्याचं औषध बरोबर चालतं?

नाक मोकळं करणाऱ्या औषधांत बऱ्याचदा फिनाइलएफ्रिन असतं, ते आणि स्टिम्युलंट मिळून धडधड, प्रेशर वाढू शकतं. केमिस्टकडून आपल्या मनाने बाटली घेऊ नका. दम्याचा पंप असेल तर ऍटोमॉक्सेटिन लिहिताना सांगा. कुठल्याही नव्या डॉक्टरकडे गेलात की पहिलं वाक्य ‘याला ही गोळी चालू आहे’.

अगदी गप्प झालाय, हसतच नाही

हे चांगलं लक्षण समजू नका. गप्प बसवणं हे गोळीचं काम नाही. डोस जास्त झाला की मूल मलूल, कोरडं दिसतं. डॉक्टरांना सांगा, कमी करतात. आमच्याकडे एका डोसवर असं झालं होतं, बाई खुश होत्या, आम्ही नव्हतो. बरोबर डोसवर आला तेव्हा बडबड तशीच राहिली, फक्त एकदा स्वतःहून म्हणाला, ‘आई, आता बाईंचा आवाज पंख्यापेक्षा मोठा येतो.’

लगेच फोन कधी करायचा?

छातीत दुखणं, बेशुद्ध पडणं, धडधड थांबत नाही, नसलेलं दिसणं-ऐकू येणं, भलताच हिंसक किंवा भलताच उदास, ‘मला मरायचंय’ सारखं काहीही बोलणं, हे ऍटोमॉक्सेटिनवर तर विशेष लक्ष ठेवून. ऍटोमॉक्सेटिनवर डोळे पिवळे, लघवी गडद हेही. बेशुद्ध पडला किंवा छातीत दुखतंय तर फोनच्या फंदात न पडता सरळ इमर्जन्सीला. नवीन टिक्स, डोळे मिचकावणं, खांदे उडवणं सुरू झालं तर त्याच आठवड्यात कळवा.

शाळेत सांगायचं का?

दुपारचा डोस असेल तर सांगावंच लागतं, मुलाच्या दप्तरात सुटी गोळी ठेवायची नाही. आम्ही फक्त वर्गशिक्षिका आणि मुख्याध्यापिका एवढ्यांनाच सांगितलं, लेखी, डॉक्टरांच्या पत्रासह. तरी एकदा वर्गात ‘आज गोळी घेतली नाहीस का रे?’ झालंच. दुसऱ्या दिवशी जाऊन शांतपणे बोलले, पुन्हा झालं नाही.

दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं?

2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत एडीएचडीचं वेगळं नाव नाही. बरोबर लर्निंग डिसेबिलिटी किंवा ऑटिझम असेल तर त्यावर मिळू शकतं. वाचन-लेखन फार मागे असेल तर ती टेस्ट वेगळी करून घ्या, गोळीने स्पेलिंग सुधारत नाहीत.

किती वर्षं?

दर वर्षी एकदा डॉक्टर बघतात की अजून लागते का. काहींची सुटते, काहींना कॉलेजपर्यंत लागते. आमच्याकडे निदानाचे प्रश्न लेकासाठी चालले होते आणि शेजारच्या खुर्चीवर हे प्रत्येकाला ‘हो, मलाही’ म्हणत होते, त्यामुळे आम्ही वर्षांचा हिशेब सोडलाय.

मुलाला काय सांगायचं ही कशाची गोळी?

खरं. ‘व्हिटॅमिन आहे’ सांगू नका, एक दिवस पट्टीवरचं नाव वाचता येतं, आमच्याकडे दुसरीत वाचलं. ‘शहाणं होण्याची गोळी’ तर नकोच, म्हणजे गोळीशिवाय वेडा असं होतं. आम्ही सांगितलं, तुझं लक्ष भराभर उड्या मारतं, ही त्याला थोडा वेळ बसायला मदत करते, गणित तूच करतोस. त्याला चालतं. गेल्या दिवाळीत आत्तेभावाने विचारलं कसली गोळी रे, तर म्हणाला, ‘माझी आहे, आणि तू हात लावू नकोस, मोजलेली असते.’